उन्हातले सामने आणि आपली मुले : आधी पाणी ओता, मग दवाखान्यात न्या



वैशाखात भर दुपारी कोणताही शहाणा शेतकरी बैल औताला जुंपत नाही. तो पहाटे अंधारातच औत धरतो, ऊन चढू लागले की सोडतो, बैल झाडाखाली बांधतो, त्यांना पाणी दाखवतो आणि अंगावरून ओला हात फिरवतो. त्याला हे कोणी पुस्तकातून शिकवलेले नसते. बैल बसला तर हंगाम बसला, एवढे त्याला पक्के ठाऊक असते.

आता आपल्या शहराकडे पाहा. परीक्षा संपल्या की इंदूरची मैदाने मुलांनी फुलून जातात. खो-खो, कबड्डी, फुटबॉल, हॉकी आणि क्रिकेट यांची शिबिरे सुरू होतात, मोहल्ल्या-मोहल्ल्यांचे सामने ठरतात. सकाळी आठचा सामना पाहुणे उशिरा आल्यामुळे दहाला सुरू होतो, त्यामागचा बाराला आणि शेवटचा दोनला. पाहुण्यांसाठी मांडव असतो आणि मुलांसाठी ऊन. जी काळजी आपण बैलाची घेतो, ती आपल्या मुलांची घेतो का, हा प्रश्न प्रत्येक पालकाने, शिक्षकाने आणि सामने भरवणाऱ्याने स्वतःला विचारावा.

खेळ बंद करा, असे सांगण्यासाठी हा लेख नाही. मुलांनी खेळलेच पाहिजे. परंतु उन्हात खेळताना येणारा उष्माघात बहुतेक वेळा टाळता येतो, आणि आला तरी पहिल्या अर्ध्या तासात योग्य उपाय झाला तर मूल वाचते. तो उपाय महाग नाही. पाणी, बर्फ, एक ताडपत्री आणि चार शहाणी माणसे एवढेच त्याला लागते. तो नीट समजून घेऊ.

अंगातली भट्टी

ऊन बाहेरून तापवते हे आपल्याला कळते. पण खेळणाऱ्या मुलाला सर्वांत जास्त तापवते ते त्याचे स्वतःचे शरीर. आपण जे अन्न खातो त्यातील शक्तीपैकी साधारण चौथा किंवा पाचवा हिस्साच स्नायूंच्या कामी येतो, बाकीची सारी उष्णता होऊन अंगात साठते. म्हणून थंडीतही धावल्यावर अंग गरम होते. स्वस्थ बसलेल्या माणसापेक्षा जोराने धावणाऱ्याच्या अंगात कितीतरी पट अधिक उष्णता निर्माण होते.

ही उष्णता बाहेर टाकण्याचा उन्हाळ्यातला मुख्य मार्ग म्हणजे घाम. आपल्या त्वचेचे तापमान ३५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली की वारा अंग गार करण्याऐवजी उलट तापवू लागतो, आणि मग सगळी भिस्त घामावर राहते. एक लिटर घाम वाळला तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. माठातले पाणी गार होते ते याच नियमाने : पाणी झिरपते, वाळते आणि वाळताना माठाची ऊब घेऊन जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाम आला म्हणून अंग गार होत नाही, घाम वाळला म्हणून ते गार होते. नुसताच ओघळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातले पाणी घेऊन जातो, उष्णता मात्र तिथेच राहते. पावसाळ्यात दमट घरात माठाचे पाणी फारसे गार होत नाही, तसेच हे आहे.

कोरडा वैशाख आणि दमट श्रावण

आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. माळव्याच्या रात्री गार असतात, ‘शब-ए-माळवा’ची कीर्ती दूरवर आहे. त्यामुळे आपल्याकडे काय तो उन्हाळा, असे म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे. रात्र गार असली तरी मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि काही दिवस ती ओलांडून पुढे जातो.

उलट दुसरी चूक अशी की, जून सरला आणि पाऊस पडला म्हणजे उन्हाची भीती संपली असे आपण मानतो. हे खरे नाही, आणि त्यासाठी थोडे गणित पाहू.

खेळाडू आणि सैनिक यांच्यासाठी जगभर एक वेगळे माप वापरतात. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मरीन सैन्यातील नव्या जवानांना कवायतीत उष्माघात होऊ लागला, तेव्हा ते तयार झाले. त्यात तीन तापमापक असतात : एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळलेले, दुसरा उन्हात काळ्या गोळ्यात ठेवलेला आणि तिसरा नेहमीचा, सावलीतला. ओल्या तापमापकाच्या आकड्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के आणि साध्या तापमापकाचे केवळ १० टक्के धरून बेरीज करतात. वर्तमानपत्रात आपण जो आकडा वाचतो त्याला या हिशेबात फक्त दहावा हिस्सा मिळतो.

आता उदाहरण घ्या. मे महिन्याच्या कोरड्या दुपारी साधा पारा ४२, ओला पारा २२ आणि काळा गोळा ५५ असेल, तर बेरीज सुमारे ३०.६ येते. पावसाळ्यात उघडीप पडलेल्या दिवशी साधा पारा ३२ च असेल, पण ओला पारा २८ आणि काळा गोळा ४५ असेल, तर बेरीज ३१.८ येते. म्हणजे ३२ अंशांचा दमट दिवस धावणाऱ्या मुलाला ४२ अंशांच्या कोरड्या दिवसापेक्षाही जड जाऊ शकतो. आंतरराष्ट्रीय फुटबॉल संघटनेने हेच माप ३२ च्या वर गेले की खेळ थांबवून पाणी पिण्याची सुटी देण्याचा नियम केला. २०१४ साली ब्राझीलच्या विश्वचषकात फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांच्या सामन्यात अशी सुटी देण्यात आली होती.

दमट हवेत काय होते याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्रात घडले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या पुरस्कार समारंभात अनेक तास उन्हात बसलेल्या माणसांपैकी चौदा जण उष्माघाताने दगावले. त्या दिवशी त्या भागात पारा ३८ अंशांच्या आसपास होता, आणि ही माणसे धावतही नव्हती, नुसती बसलेली होती.

थोडक्यात, वैशाख शरीरातले पाणी चोरतो. घाम इतक्या लवकर वाळतो की मुलाला तो दिसतही नाही. श्रावण-भाद्रपद घाम वाळू देत नाही आणि उष्णता अंगात कोंडतो. चोरीची तऱ्हा वेगळी, पण धोका दोन्हीकडे आहे.

सवय ही एका दिवसात होत नाही

इंदूरचे क्रिकेट म्हटले की जुन्या माणसांना होळकर संघ आठवतो. चार वेळा रणजी करंडक जिंकणारा हा संघ. कर्नल सी. के. नायडू यांनी त्याला कडक शिस्त लावली. १९४५ च्या मार्च महिन्यात मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर रणजीच्या अंतिम सामन्यात होळकर आणि मुंबई यांची गाठ पडली. दोन्ही संघांनी मिळून २०७८ धावा केल्या आणि मुंबई ३७४ धावांनी जिंकली. त्या सामन्यात कर्नलसाहेबांचे धाकटे बंधू सी. एस. नायडू यांनी दोन डावांत मिळून १५२ षटके आणि ५ चेंडू, म्हणजे ९१७ चेंडू टाकले. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू दुसऱ्या कोणी टाकलेले नाहीत.

मुंबईच्या मार्चमधल्या घामट हवेत हे कसे जमले असेल? सी. एस. तेव्हा तिशीतले, अनेक वर्षे मैदानावर तयार झालेले गोलंदाज होते. शिवाय क्रिकेटमध्ये एका षटकानंतर दुसऱ्या टोकाचे षटक असते, जेवणाची आणि चहाची सुटी असते, रात्री झोप असते. आपल्या मुलांना हा पराक्रम जरूर सांगावा. पण चौदा वर्षांचा मुलगा, जो मार्चभर पंख्याखाली परीक्षेचा अभ्यास करत होता, त्याला एप्रिलच्या पहिल्याच दिवशी दोन तास पळवून पराक्रमी करता येत नाही.

उन्हाची सवय शरीराला होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. या दिवसांत रक्तातले पाणी वाढते, घाम लवकर सुटू लागतो, अधिक सुटतो आणि त्यातून मीठ कमी जाते. सर्वांत जास्त अपघात पहिल्या चार-पाच दिवसांत होतात, म्हणजे नेमके त्या दिवसांत जेव्हा उत्साही शिक्षक मुलांची ‘परीक्षा’ घेतात. म्हणून शिबिराचा क्रम असा ठेवावा :

पहिले तीन दिवस : अर्धा-पाऊण तास, हलका व्यायाम, कौशल्याचा सराव. शर्यती नकोत, शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या तर मुळीच नकोत.

चौथा ते सातवा दिवस : पाऊण ते एक तास. थोडा वेळ जोराचा खेळ, मग सावलीत विश्रांती, मग पुन्हा खेळ.

दुसरा आठवडा : वेळ आणि जोर हळूहळू वाढवावा. पुरा सामना चौदा दिवसांनंतर.

मध्ये दोन-तीन आठवडे खेळ सुटला तर ही सवय बरीचशी जाते. मामाच्या गावाहून परतलेल्या मुलाला पुन्हा पहिल्या पायरीवरून चढू द्यावे.

‘हिंमत नाही का?’ असे विचारू नका

सप्टेंबर १९८६ मध्ये मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचा कसोटी सामना झाला. तो बरोबरीत सुटला म्हणून प्रसिद्ध आहे. त्या सामन्यात पंचवीस वर्षांच्या डीन जोन्सने २१० धावा काढल्या. दमट उकाड्यात तो आठ तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर होता. त्याला मैदानावरच उलट्या होत होत्या, पायांत गोळे येत होते. आता जातो, असे त्याने कप्तानाला सांगितले तेव्हा, जमत नसेल तर एखाद्या कणखर क्वीन्सलँडवाल्याला पाठवतो, अशा अर्थाचा टोमणा त्याला ऐकावा लागला. तो खेळत राहिला. बाद झाल्यावर त्याला रुग्णालयात नेऊन सलाईन लावावे लागले.

ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जाते, आणि त्या खेळीचे मोल कोणी नाकारणार नाही. पण आपण वडीलधाऱ्यांनी त्यातून दुसरा धडा घ्यावा. जोन्स वाचला. प्रत्येक जण वाचतोच असे नाही. संघाचा खेळ हा एकट्याच्या खेळाहून या बाबतीत वेगळा आहे. एकटा पळणारा मुलगा दमला की थांबतो. संघातला मुलगा थांबत नाही, कारण सोबती काय म्हणतील, सर काय म्हणतील, पुढच्या सामन्यात घेतील का, याची त्याला धास्ती असते. म्हणून थांबवण्याचे काम त्याच्यावर सोडू नये. ते मोठ्यांचे काम आहे. ‘सर, चक्कर येते’ असे म्हणणाऱ्या मुलाला सावलीत बसवा, शाबासकी द्या आणि त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नका.

सामने भरवणाऱ्यांसाठी

१. वेळ : मे महिन्यात सूर्योदयापासून साडेआठ-नऊपर्यंतचा वेळ उत्तम. दुपारचा पारा अडीच ते चारच्या सुमारास सर्वांत वर असतो आणि पाच वाजताही फारसा उतरलेला नसतो. काळी जमीन आणि सिमेंटचे अंगण संध्याकाळीही वाफा सोडतात. म्हणून संध्याकाळपेक्षा सकाळ बरी. सामना लांबला तर उरलेला खेळ दुसऱ्या दिवशी ठेवा. पाहुण्यांची गैरसोय परवडते.

२. पाण्याची सुटी : खो-खोची पाळी ९ मिनिटांची असते, कबड्डीत मोठ्या पुरुषांचा अर्धा डाव २० मिनिटांचा असतो. फुटबॉलमध्ये मात्र खेळ सलग चालतो. उन्हाळ्यात दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांसाठी पाण्याची सुटी ठेवावी आणि ती पंचांनी द्यावी, मुलांनी मागावी लागू नये. खो-खोत पाटीवर उकिडवे बसून राहणारी मुलेही उन्हातच असतात हे विसरू नये.

३. सावली : मैदानाच्या कडेला झाड नसेल तर चार बांबू आणि एक चादर पुरे. राखीव खेळाडूंनाही सावलीत बसवा.

४. राखीव खेळाडू : उन्हाळ्यात जास्त मुले संघात घ्या आणि वरचेवर बदला. सर्वांना खेळायला मिळते हा आणखी एक फायदा.

५. कपडे : सैल, फिक्या रंगाचे आणि हवा खेळू देणारे. यष्टिरक्षक, हॉकीचा गोलरक्षक आणि शिरस्त्राण घालणारा फलंदाज यांच्याकडे विशेष लक्ष द्या. विश्रांतीत त्यांची पॅडे व शिरस्त्राण उतरवून घ्या.

६. त्या दिवशी कोणी खेळू नये : ज्याला ताप, जुलाब किंवा उलट्या झाल्या आहेत, जो रात्रभर झोपलेला नाही, ज्याचा उपवास आहे, आणि ज्याला पूर्वी उष्माघात होऊन डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही. अंगाने जाड मुले आणि नवीन मुले यांच्यावर नजर ठेवा. सर्दीच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो, तेव्हा औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

काय प्यावे, किती प्यावे

खेळाच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्यावे. खेळताना दर सुटीत तहानेप्रमाणे अर्धा ते एक पेला. माठाचे गार पाणी सर्वांत उत्तम. मैदानावर रांजण ठेवला असेल तर त्याला झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे असावे. प्रत्येक मुलाचा पेला वेगळा असावा, नाहीतर उन्हापासून वाचलेली मुले काविळीने आजारी पडायची.

तासाभराहून जास्त खेळ असेल तर मीठ-साखरेचे पाणी द्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच माप. चाखून पाहावे, अश्रूंपेक्षा खारट लागू नये. वर लिंबू पिळले तरी चालते. औषधाच्या दुकानातील जलसंजीवनीची पुडी त्याहून चांगली, पण पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती पुरी विरघळवावी. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच पाणी पाजून पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवले होते. एवढ्या साध्या वस्तूची किंमत कमी समजू नये.

पातळ ताक, कैरीचे पन्हे आणि लिंबाचे सरबत हे खेळानंतर उत्तम. मात्र आपल्या सराफ्यातली शिकंजी ही लिंबाची नव्हे, दुधाची आणि सुक्या मेव्याची. ती घट्ट, गोड आणि जड असते, म्हणून ती बक्षीस म्हणून संध्याकाळी द्यावी, खेळाच्या मध्ये नको. बाटलीबंद गोड पेयांनी तहान भागल्यासारखी वाटते, पण पोट जड होते.

पाणी पुरेसे झाले का, हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. लघवी फिकट पिवळी असावी, गडद असेल तर पाणी कमी पडले. दुसरी खूण वजनाची. धान्य तोलायचा काटा असला तरी चालेल. खेळाआधी आणि नंतर मुलाचे वजन करा. जेवढे किलो घटले तेवढे लिटर पाणी गेले. पन्नास किलोच्या मुलाचे एक किलोहून जास्त घटले असेल तर पुढच्या वेळी त्याने अधिक प्यायला हवे. पण वजन उलट वाढले असेल तर त्याने गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायले आहे. बळेबळे घडेच्या घडे साधे पाणी पाजणे हेही धोक्याचे आहे. त्याने रक्तातले मीठ पातळ होऊन झटके येऊ शकतात.

खुणा ओळखा

पहिली पायरी, गोळे येणे : पोटरी किंवा पोटात पेटके येतात. खेळ थांबवा, स्नायू हळूच ताणा, मीठ-साखरेचे पाणी द्या.

दुसरी पायरी, उन्हाची ग्लानी : डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, अशक्तपणा वाटतो, भरपूर घाम सुटतो. पण मुलगा शुद्धीवर असतो आणि नीट उत्तरे देतो. त्याला सावलीत आडवा करा, पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात बरे वाटले नाही तर डॉक्टरकडे न्या.

तिसरी पायरी, उष्माघात : अंग आतून ४० अंश सेल्सियसहून अधिक तापते आणि मेंदू बिघडू लागतो. मुलगा अडखळतो, भलतेच बोलतो, विनाकारण चिडतो, आपल्या संघाचे नाव किंवा आज कोणता वार हे सांगू शकत नाही, कोसळतो किंवा त्याला झटके येतात. पूर्वी आपण शिकलो होतो की उष्माघातात त्वचा कोरडी पडते. म्हाताऱ्या माणसांत बहुधा तसे होते, पण खेळाडूचे अंग घामाने चिंब असूनही त्याला उष्माघात असू शकतो. काखेत किंवा कपाळाला लावलेला तापमापक अशा वेळी खरा ताप दाखवत नाही. आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. खेळता खेळता मुलाचे भान हरपले तर तो उष्माघातच समजा.

आधी पाणी, मग गाडी

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोसळलेल्या मुलाला पाहून आपली पहिली धाव रिक्षाकडे असते. गाडी शोधणे, गर्दीतून वाट काढणे, दवाखान्यात कागद करणे, यात पाऊण तास सहज जातो आणि तेवढा वेळ मुलाचा मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडे तापत राहतात. अपाय ताप किती चढला याने होतो, त्याहून तो किती वेळ टिकला याने होतो. म्हणून जगभरच्या क्रीडावैद्यांनी एक नियम केला आहे : आधी थंड करा, मग हलवा.

या नियमामागे एक मृत्यू आहे. ३१ जुलै २००१ रोजी अमेरिकेतील कोरी स्ट्रिंगर हा सत्तावीस वर्षांचा धिप्पाड व्यावसायिक फुटबॉलपटू सराव करताना कोसळला. रुग्णालयात पोहोचला तेव्हा त्याचा ताप १०८ अंश फॅरनहाइटच्या वर होता. दुसऱ्या दिवशी तो वारला. त्याच्या नावाने पुढे २०१० साली कनेक्टिकट विद्यापीठात उष्माघाताचा अभ्यास करणारी संस्था निघाली. उलट, त्याच देशात फालमाउथ गावी दर उन्हाळ्यात धावण्याची मोठी शर्यत होते. तिथे अंतिम रेषेजवळच थंड पाण्याचे टब भरून ठेवतात. अठरा वर्षांत तिथे उष्माघात झालेल्या २७४ धावपटूंवर असे उपचार झाले, आणि सारेच्या सारे वाचले.

आपल्याकडे टब नसेल, पण खालील गोष्टी प्रत्येक मैदानावर होऊ शकतात :

१. एकाने ताबडतोब १०८ ला फोन करावा. बाकीच्यांनी वाट न पाहता कामाला लागावे.

२. मुलाला सावलीत न्या. बूट, मोजे, पॅड, शर्ट काढा.

३. गुरांचा हौद किंवा मोठे घंगाळ जवळ असेल तर मुलाला मानेपर्यंत पाण्यात बसवा. एकाने मागून काखेत हात घालून त्याचे डोके पाण्याच्या वर धरून ठेवावे. हात क्षणभरही सोडू नये.

४. हौद नसेल तर ताडपत्री आणा. तिच्या मधोमध मुलाला ठेवा. पाच-सहा जणांनी कडा उचलून तिची झोळी करा आणि आत बादल्यांनी पाणी व बर्फ ओता. झोळी हळूहळू हलवत राहा, म्हणजे अंगाजवळचे तापलेले पाणी बाजूला होते. डोके येथेही वर धरा.

५. तेही नसेल तर बर्फाच्या पाण्यात भिजवलेले टॉवेल डोके, मान, काखा, जांघा आणि छाती यांवर ठेवा. ते दोन-तीन मिनिटांत तापतात, म्हणून सारखे बदला. सोबत अंगावर पाणी ओतून पुठ्ठ्याने वारा घाला.

६. मुलगा भानावर येऊन नीट बोलू लागेपर्यंत किंवा कुडकुडू लागेपर्यंत हे चालू ठेवा. साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात. रुग्णवाहिका आली तरी थंड करणे थांबवू नका, वाटेतही ओले टॉवेल चालू ठेवा.

७. बेशुद्ध किंवा भान नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुप्फुसात जाते. उलटी झाली तर त्याला कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका, या तापावर ती चालत नाही, उलट यकृताला इजा होऊ शकते.

८. मुलगा पूर्ण बरा दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यायचेच. आतल्या अवयवांची इजा दोन दिवसांनीही दिसू शकते.

वाचकांच्या मनातले प्रश्न

*तापलेल्या अंगावर एकदम गार पाणी ओतले तर धक्का बसून मूल दगावत नाही का?* नाही. धडधाकट तरुण खेळाडूला उष्माघातात गार पाण्याने अपाय होत नाही, उशिराने होतो. फालमाउथचे २७४ धावपटू हीच साक्ष देतात.

*खेळताना पाणी प्यायल्याने पोटात दुखते, दम तुटतो, असे जुने लोक सांगतात.* एकदम तांब्याभर पाणी ढोसले तर पोट जड होते, हे खरे. थोडे थोडे प्यायले तर काही होत नाही. पाणी न पिता खेळल्याने कणखरपणा येतो ही समजूत मात्र सोडून द्यावी.

*खिशात कांदा ठेवला तर लू लागत नाही ना?* कांदा खिशात ठेवा किंवा भाकरीबरोबर खा, काही हरकत नाही. पण त्याच्या भरवशावर दुपारचा सामना ठेवू नका.

*मिठाच्या गोळ्या द्याव्यात का?* नकोत. त्यांनी मळमळ वाढते. जेवणातले मीठ, ताक आणि मीठ-साखरेचे पाणी पुरे.

शेवटी

पुढचा सामना ठरवताना चेंडू, शिट्टी आणि चुना यांच्या यादीत आणखी सहा नावे लिहा : पाण्याचे दोन रांजण, चार बादल्या, बर्फाची एक लादी, दहा जुने टॉवेल, एक ताडपत्री आणि जलसंजीवनीच्या वीस पुड्या. सामन्याआधी एका रविवारी ताडपत्रीची झोळी उचलून पाहण्याचा सराव मुलांकडूनच करवून घ्या. त्यांना त्यात मजा वाटेल, आणि एखाद्या दिवशी आपल्याच सोबत्याचा जीव वाचवायची वेळ आली तर त्यांचे हात थरथरणार नाहीत.

शेतकरी औत सोडताना सूर्याकडे एकदा पाहतो आणि बैलाकडे एकदा पाहतो. शिट्टी वाजवण्याआधी आपणही तसेच पाहावे, एकदा आभाळाकडे आणि एकदा मुलांच्या चेहऱ्यांकडे. करंडक पुढच्या वर्षीही मिळेल. मुले मात्र सगळीच्या सगळी संध्याकाळी घरी पोहोचली पाहिजेत.